काळजाची धडधड आणि मनाची धास्ती



या सदरात आपण दर आठवड्याला पिकांविषयी बोलतो. आज पीक पिकवणाऱ्याविषयी बोलू. सोयाबीन घरात आले आहे, तूर उभी आहे, हरभऱ्याची लगबग चालू आहे. या दिवसांत गावोगाव आमच्या बैठका होतात. बैठक संपून माणसे उठली की एखादा हमखास मागे रेंगाळतो. आधी बियाण्याचे विचारतो, मग खताचे विचारतो आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणतो, "साहेब, छातीत धडधड होते. रातच्यानं जीव जाते का काय असं वाटते."

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, सहाही तालुक्यांत मी हे ऐकले आहे. भगिनी स्वतः सांगत नाहीत, त्यांचे घरचे सांगतात. हकिगत बहुधा एकाच वळणाची असते. गावात किंवा सोयऱ्यांत कोणी धडधाकट माणूस एकाएकी हृदयविकाराने गेलेला असतो. त्यानंतर एका रात्री यांच्या छातीत धडधड सुरू होते, घाम फुटतो. गाडी करून अकोला गाठतात, ईसीजी निघतो, डॉक्टर म्हणतात, "काही नाही, घरी जा." आठ दिवस बरे जातात. नवव्या दिवशी पुन्हा तेच. मग दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर. पेरणीसाठी ठेवलेला पैसा तपासण्यांत जातो, आणि माणूस एकटा शेतात जायला भिऊ लागतो.

मी डॉक्टर नव्हे, शेतीचा पदवीधर आहे. पण या दुखण्यात माणसाचे कामही बुडते आणि पैसाही बुडतो, म्हणून जाणकार डॉक्टर जे सांगतात ते तुमच्या-माझ्या भाषेत मांडतो.

धडधड होते कशी?

सोयाबीन सोंगताना पेंढीखाली साप दिसला तर काय होते? विचार करण्याआधी पाय मागे सरतात, छाती धडधडू लागते, तोंड कोरडे पडते. मूत्रपिंडांच्या वर दोन लहान ग्रंथी असतात. त्या ॲड्रेनालिन नावाचा रस रक्तात सोडतात. हृदय वेगाने चालून हातापायांना जास्त रक्त पुरवते, म्हणजे माणसाला पळता यावे किंवा काठी उचलता यावी. ही देहाची राखणदारी आहे. साप निघून गेला की पंधरा-वीस मिनिटांत सारे आपोआप शांत होते.

आता रात्रीचे अकरा वाजले आहेत, साप कुठेच नाही. पण डोक्यात सोसायटीचे कर्ज आहे, सोयाबीनच्या भावाची चिंता आहे, पोरीचे लग्न आहे. देहाला साप आणि सावकार यांतला फरक कळत नाही. तो तीच घंटा वाजवतो. माणूस अंथरुणावर पडलेला असतो, पळायचे कुठेच नसते, म्हणून धडधड स्पष्ट जाणवते. डाव्या कुशीवर निजले तर हृदय छातीच्या भिंतीला अधिक टेकते आणि ठोके आणखी मोठे वाटतात. मग मनात येते, "हाच तो झटका." झाले! आता धडधडच साप बनली. भीतीने धडधड वाढते आणि धडधडीने भीती. श्वास भराभर चालू लागतो, त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, चक्कर वाटते. माणसाला वाटते, संपले. आपल्यात म्हणतात ना, साप साप म्हणून भुई धोपटणे, त्यातलाच हा प्रकार. साप खोटा असला तरी धोपटणाऱ्याचा थकवा मात्र खरा असतो.

भीतीचा असा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो.

काहींची तक्रार निराळी असते: "ठोका चुकतो." एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग क्षणभर थांबा येतो आणि पुढचा ठोका जोराने बसतो. निरोगी हृदय दिवसाकाठी लाखभर ठोके देते. त्यात असे थोडे पुढे-मागे होणे बहुतेकांच्या बाबतीत निरुपद्रवी असते.

आधी निदान, मग उपाय

सोयाबीनचे पान पिवळे पडले म्हणजे पिवळा मोझॅकच आला असे नव्हे. पाणी साचले असेल, लोह कमी पडले असेल. न पाहता फवारा मारणारा पैसे घालवतो आणि न पाहता "काही होत नाही" म्हणणारा पीक घालवतो. धडधडीचेही तसेच आहे.

रक्त कमी असले की हृदयाला जास्त धावावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. तेव्हा घरातल्या बाईला धडधड होते, दम लागतो, तर "तिचा स्वभावच घाबरट" म्हणण्याआधी तिचे रक्त तपासा. थायरॉईडचा विकार, ताप, उन्हात अंगातले पाणी कमी होणे, दम्याची काही औषधे यांनीही ठोके वाढतात. दिवसाला आठ-दहा कप चहा, खर्रा आणि बिडी यांनीही वाढतात. तंबाखू तर हृदयाचा खराच शत्रू आहे. झटक्याला भिऊन झोप उडालेला माणूस भीती घालवायला खर्रा तोंडात टाकतो, तेव्हा तो विस्तवावर तेल ओतत असतो.

म्हणून एकदा नीट तपासणी करून घ्या. ग्रामीण रुग्णालयात किंवा वाशीमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जा. वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही २०२४ मध्ये सुरू झाले आहे. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, ईसीजी आणि डॉक्टर सांगतील ते तपासा. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेले का, हे डॉक्टरांना न विसरता सांगा. सगळे कागद एका पिशवीत जपून ठेवा.

इथे मात्र थांबू नका

छातीवर दगड ठेवल्यासारखे दडपण आले, कळ हातात, खांद्यात किंवा जबड्यात गेली, गार घाम सुटला, श्वास पुरेना, शुद्ध हरपली, किंवा कष्टाचे काम करतानाच धडधड होऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर "गॅस झाला" म्हणून सोडा पिऊन निजू नका. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. आधी कितीही वेळा "काही नाही" निघाले असले तरी या खुणा दिसल्या की जायचेच. साखर आणि रक्तदाब असणाऱ्यांनी तर अधिक जपावे.

दुसरी गोष्ट माझ्या खात्याची. फवारणी करताना किंवा केल्यानंतर छाती धडधडली, घाम आणि लाळ सुटली, मळमळले, नजर अंधुक झाली, स्नायू फडफडू लागले, तर ती मनाची धास्ती समजू नका. ती विषबाधा असू शकते. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. अशा वेळी काम तिथेच सोडा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा लेबलासकट बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

तपासणी चांगली आली, तरी भीती जात नाही

अशी तुम्ही एकटीच माणसे नाहीत. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ च्या काळात, डॉ. दा कोस्टा यांच्याकडे शेकडो शिपाई छातीत धडधड आणि कळ घेऊन येत. तपासणीत अनेकांच्या हृदयात दोष सापडत नसे. १८७१ मध्ये त्यांनी त्यावर लिहिले आणि अशा हृदयाला 'चिडखोर हृदय' म्हटले. रणांगणावरच्या जवानाची छाती धडधडते, तिथे आपली धडधडली तर त्यात लाज कसली?

ऑस्ट्रेलियात क्लेअर वीक्स नावाच्या बाई होऊन गेल्या (१९०३-१९९०). त्या मूळच्या प्राणिशास्त्रज्ञ. तरुणपणी क्षयाचे चुकीचे निदान होऊन त्यांना रुग्णालयात ठेवले गेले, आणि तेव्हापासून छातीची धडधड पाठीस लागली. पहिल्या महायुद्धात लढलेल्या एका मित्राने त्यांना सांगितले की आघाडीवर आम्हालाही असेच होई, ती भीतीची धडधड आहे, तिच्याशी झगडू नकोस. बाईंना वाट सापडली. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि १९६२ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिले. त्यांचा उपाय चार गोष्टींचा आहे: सामोरे जा, जे होते ते होऊ द्या, तरंगा, वेळ जाऊ द्या.

'तरंगा' म्हणजे काय, हे विहिरीत पोहायला शिकलेल्यांना सांगायला नको. नवशिका हातपाय झाडतो आणि नाकातोंडात पाणी घेतो. अंग सैल सोडले की पाणीच त्याला वर धरते. धडधड आली की तिच्याशी कुस्ती खेळू नका. मनाशी म्हणा, "ही आली, मागेही आली होती, गेलीही होती." खाली बसा. नाकाने हळू श्वास घ्या, मनात चारपर्यंत मोजा. सोडताना सहापर्यंत मोजा. पोट फुगले पाहिजे, खांदे उचलायला नकोत. पाच मिनिटे हे करा आणि हातातले काम पुन्हा उचला.

घडीघडी नाडी पाहू नका. पेरलेले बी उगवले का म्हणून रोज उकरून पाहणाऱ्याचे बी उगवत नाही. रात्री मोबाईलवर हृदयविकाराचे व्हिडिओ पाहू नका. डॉक्टरांनी चांगले सांगितले असेल तर पुन्हा पुन्हा ईसीजी काढून घेऊ नका, कारण त्याने मिळणारा धीर आठ दिवसांचा असतो. शेतात जाणे आणि चालणे बंद करू नका. पहिल्या दिवशी बांधापर्यंत, दुसऱ्या दिवशी विहिरीपर्यंत, असे वाढवत न्या. कोणाच्या सांगण्यावरून झोपेच्या गोळ्या घेऊ नका, त्यांची सवय लागते. सवय न लागणारी औषधे मानसोपचार डॉक्टरांकडे असतात, आणि समजुतीचे उपचारही असतात. त्यांच्याकडे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे.

घरच्यांनी दोन गोष्टी टाळाव्यात. "नाटक करतो" म्हणू नये, आणि "बाहेरचे झाले" म्हणून मांत्रिकाकडे नेऊ नये. जवळ बसावे. सुनेला, आईला, भावाला हे होत असेल तर शांतपणे म्हणावे, "मी आहे इथे, श्वास हळू घे."

मुळाशी काय आहे?

पुष्कळदा धडधडीच्या मुळाशी न सांगितलेली काळजी असते. कर्जाचा आकडा बायकोला ठाऊक नसतो, भावाला ठाऊक नसतो, तो एकट्याच्या छातीत असतो. तो एका कागदावर लिहा आणि घरात वाचून दाखवा. कर्ज त्याने कमी होत नाही, पण ओझ्याला दुसरा खांदा लागतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी उदासीनतेच्या आजाराविषयी लोकांशी मोकळेपणाने बोलायला सुरुवात केली. उपचारासाठी पुढे येणारे आधी शंभरात चार होते, ते सत्तावीस झाले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आजार तेच होते, बोलायला जागा मिळाली एवढाच फरक.

आपल्याकडेही राज्य शासनाने २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यातल्या १४ जिल्ह्यांत वाशीम आहे. गावच्या आशाताईंशी बोला. १४४१६ हा टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर क्षणाचाही उशीर करू नका, आणि घरच्यांनी अशा माणसाला एकटे सोडू नये. कीटकनाशकाचे डबे तर कायमच घराबाहेर, कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्या कोणाकडे द्या. ही सूचना कृषी खात्याची समजा, मित्राची समजा, पण आजच अमलात आणा.

तेव्हा लक्षात ठेवायचे ते एवढेच. एकदा नीट तपासा. धोक्याच्या खुणा घरात सगळ्यांना पाठ असू द्या. त्या खुणा नसतील तर धडधडीला येऊ द्या आणि जाऊ द्या, तुम्ही आपले काम करत राहा.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरील मर रोग आणि बीजप्रक्रिया यांविषयी बोलू. तोवर खर्रा अर्धा करा आणि रात्रीचा चहा बंद करा. धडधडीचा निम्मा हिशेब तिथेच लागलेला दिसेल.