दुखणं थांबलं, पण हात उचलेना!

मैत्रिणींनो, खांदा दुखायला लागला की आपण काय म्हणतो? "उसण भरली असेल." मीही तेच म्हटलं. रात्री दोनला उजव्या खांद्यात अशी कळ उठली, की बाळंतपण आठवावं! शेकलं, तेल लावलं, एका बाईंकडून खांदा ओढूनसुद्धा घेतला. (हा माझा शुद्ध गाढवपणा.) दहाएक दिवसांनी दुखणं ओसरलं. मी खूश. सोमवारी शाळेत फळ्यावर तारीख लिहायला गेले, तर हात वर जाईना.

डॉक्टरांनी आधी मला हात उचलायला सांगितला. मग त्यांनी तो धरून उचलला, तर अलगद कानापर्यंत गेला. खरी गोम इथेच आहे, बरं का. खांदा आखडला असेल, तर दुसऱ्यानं उचलूनही हात वर जात नाही. माझा सांधा मोकळा होता, ताकदच गेली होती. भिंतीला तळवे टेकून रेटायला लावलं, तेव्हा पाठीवरचा फरा पंखासारखा बाहेर आला.

मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना सूज आली होती. पार्सोनेज आणि टर्नर या डॉक्टरांनी १९४८ साली या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून ते त्यांच्याच नावानं ओळखतात. ताप, ऑपरेशन, बाळंतपण यांनंतर ते काहींना होतं. पुष्कळदा कारण सापडतच नाही.

मानेत नस दबली तरी असंच दुखतं, म्हणून एमआरआय करतात. नसांची विजेची तपासणी, म्हणजे ईएमजी, साधारण तीन आठवड्यांनी करावी. फार लवकर केली तर बिघाड नीट दिसत नाही.

सुरुवातीला वेदनाशामक गोळ्या, कधी थोडे दिवस स्टिरॉइड. त्यानं साखर वाढते, तेव्हा मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. पुढे सांधा आखडू नये म्हणून फिजिओथेरपी. ओढाताण आणि भरलेल्या बादल्या नकोतच. ताकद परतायला महिने लागतात, कुणाला दोन-तीन वर्षंही.

आणि हो, खांद्याबरोबर छाती भरून आली, घाम फुटला, धाप लागली, तर हे काही वाचत बसू नका. तडक दवाखाना गाठा.

मला आता आठ महिने झाले. कणीक मळते, फळ्याच्या मध्यापर्यंत लिहिते. तारीख मात्र अजून वर्गातली एखादी उंच मुलगीच लिहिते.