बाग वाचवा, पण वस्ती उठवून नव्हे!

पुण्यातील जुन्या बागांचा प्रश्न निघाला की आमच्या चळवळीतील बरेच कार्यकर्ते कानावर हात ठेवतात. हा डेक्कन आणि कोरेगाव पार्कवाल्यांचा विषय, सकाळी कुत्रे घेऊन फिरायला निघणाऱ्यांचा विषय, आपल्याला त्याचे ना सोयर ना सुतक, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे आणि समाजाला महागात पडणारी आहे. शहरातील मोकळी जागा कोणाची, ती गिळणारा अतिक्रमणदार कोण, आणि न्यायालयात 'जनता' म्हणून उभे राहण्याचा अधिकार कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे आज आमच्या गैरहजेरीत लिहिली जात आहेत.

रेसकोर्सजवळच्या एम्प्रेस गार्डनचे उदाहरण घ्या. सुमारे ४० एकरांची ही बाग १८३० साली स्थापन झालेली अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था सांभाळते. आधी ती गोऱ्या सोल्जरांची बाग होती. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी मिळाल्यावर तिला आजचे नाव पडले. शंभर-दीडशे वर्षांचे वृक्ष तिथे उभे आहेत. या बागेची सुमारे दहा एकर जागा सरकारी निवासस्थानांसाठी घेण्याचा घाट राज्य सरकारने घातला होता. २०२० च्या सुरुवातीला त्याविरुद्ध पुणेकर रस्त्यावर आले, सह्यांची मोहीम झाली आणि तो बेत बारगळला. बारगळला हे चांगलेच झाले. पण त्या काळातील बातम्या आणि भाषणे पुन्हा वाचून पाहा. दहा एकर बाग गिळू पाहणाऱ्या सरकारला 'अतिक्रमणदार' म्हणण्याचे धाडस कितीजणांनी केले? ओढ्याकाठी दहा बाय दहाचे पत्र्याचे खोपट घालणारी मोलकरीण मात्र पहिल्या दिवसापासून अतिक्रमणदार असते. झोपडी झाली की अतिक्रमण आणि क्वार्टर झाले की प्रकल्प, ही या शहराची बाराखडी आहे.

बाग खरी कोणाला लागते? बंगल्याला स्वतःची बाग असते, सोसायटीला लॉन असते, क्लबाला हिरवळ असते. जनता वसाहत, कासेवाडी, लोहियानगर, ताडीवाला रोड, येरवड्याचे लक्ष्मीनगर येथील माणसाला यांपैकी काहीही नसते. एका खोलीत सहा माणसे राहतात. त्यातले म्हातारे दुपारी कुठे बसणार? स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आमची पोरे-पोरी वाचायला कुठे जाणार? नव्याने लग्न झालेले जोडपे चार शब्द बोलायला कुठे जाणार? सार्वजनिक बाग ही त्यांची दुसरी खोली आहे आणि ती गेली तर या माणसांना तिसरी नाही. म्हणून बागेची एकेक गुंठा जागा जाते तेव्हा पहिला फटका आम्हाला बसतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

सार्वजनिक जागेसाठी न्यायालयात लढणे हा तर आमचा वारसा आहे. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो स्वतःच्या मालकीचा होता. महाडचे चवदार तळे नगरपालिकेचे होते. १९२३ च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने ते तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, पण ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तो कृतीत आणला. सनातन्यांनी काय केले? ते दिवाणी न्यायालयात गेले. तळे सार्वजनिक नाही, आमच्या खाजगी वहिवाटीचे आहे, असा त्यांचा दावा होता. १४ डिसेंबर १९२७ ला त्यांनी तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला. डिसेंबरच्या परिषदेला हजारो सत्याग्रही जमले होते, तळ्यावर जाण्यासाठी रक्त सळसळत होते. तरीही बाबासाहेबांनी मनाई हुकूम मोडला नाही. त्यांनी मनुस्मृती जाळली आणि खटला लढला. १९३१ ला खालच्या न्यायालयात निकाल आमच्या बाजूने झाला, पुढे अपिले झाली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादि काळची रूढी सिद्ध झालेली नाही, असा तो निकाल होता. जवळजवळ दहा वर्षे एका तळ्यासाठी! आज एका तारखेला वकील आला नाही म्हणून याचिका सोडून देणाऱ्यांनी हा हिशेब जरूर मांडावा.

त्याच अनुभवातून संविधानाच्या कलम १५(२) चा अर्थ आम्हाला उमगतो. विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्याबरोबरच, सरकारी पैशातून राखलेली किंवा सर्व जनतेसाठी वाहिलेली लोकांच्या वावराची ठिकाणे वापरण्यास जात, धर्म, लिंग यांवरून कोणालाही अडवता येणार नाही, असे हे कलम सांगते. सार्वजनिक बाग या 'वावराच्या ठिकाणांत' मोडते. आता एक साधा प्रश्न विचारू. जे ठिकाणच शिल्लक राहिले नाही, तिथे जाण्याचा हक्क घेऊन काय करायचे?

न्यायालयांनी या बाबतीत चांगले निकाल दिले आहेत आणि ते आमच्या वकील मंडळींनी पाठ करून ठेवावेत. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेला भूखंड मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून एका खाजगी रुग्णालयाला देण्यात आला. बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवले आणि आसपासच्या रहिवाशांना दाद मागण्याचा अधिकार आहे, हेही मान्य केले. लखनौच्या अमीनाबादेतील झंडेवाला पार्क ही स्वातंत्र्यचळवळीची साक्षीदार असलेली बाग. तिच्या पोटात भुयारी बाजारपेठ बांधण्याचे काम तेथील महापालिकेने निविदा न काढताच एका बिल्डरला देऊन टाकले. बांधकाम उभे राहिले, कोट्यवधी रुपये ओतले गेले. झाले ते झाले, आता पाडू नका, अशी विनवणी झाली. २६ जुलै १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम काढून बाग पूर्ववत करण्याचा आदेश दिला. बिल्डरने पैसे घातले म्हणून बेकायदा काम कायदेशीर होत नाही, एवढे तरी त्या निकालाने ठणकावून सांगितले.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती आमच्या लोकांनी अंगावर झेलली आहे. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासाठी १९९५ साली एका पर्यावरणवादी संस्थेने उच्च न्यायालयात याचिका केली. मे १९९७ मध्ये आदेश झाला आणि त्यानंतर बुलडोझर, पोलीस आणि हेलिकॉप्टरही लावून हजारो झोपड्या भुईसपाट करण्यात आल्या. ज्यांची नावे १९९५ च्या मतदारयादीत होती त्यांना पर्यायी घरासाठी सात हजार रुपये भरण्यास सांगितले गेले. रोजंदारीवरच्या माणसाने १९९७ साली सात हजार कोठून आणायचे, हे त्या याचिकेत कोणी विचारले नाही. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वारली आदिवासींनाही त्यात भरडले गेले. जंगल वाचले पाहिजे हे आम्हालाही मान्य आहे. पण जी माणसे उठणार होती तीच त्या खटल्यात सुरुवातीपासून पक्षकार नव्हती, हा आमचा आक्षेप आहे आणि तो आजही कायम आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अल्मित्रा पटेल प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने, सरकारी जमिनीवरील अतिक्रमणदाराला पर्यायी जागा देणे म्हणजे पाकीटमाराला बक्षीस देण्यासारखे आहे, असा शेरा मारला. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात हेच न्यायालय फुटपाथवरच्या माणसाच्या उपजीविकेला जगण्याच्या हक्कात बसवत होते! पंधरा वर्षांत 'पोटासाठी आलेला' माणूस 'पाकीटमार' कसा झाला? या काळात न्यायालयात पर्यावरणाची भाषा बोलणारे वाढले आणि वस्तीची भाषा बोलणारे घटले, हे त्यामागचे मोठे कारण आहे, असे आमचे मत आहे.

पुण्यात हा पेच सारसबागेइतका स्पष्ट दुसरीकडे कोठेही दिसत नाही. पेशवाईत आंबील ओढ्याचे पाणी वळवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे करण्यात आले. पुढे ते आटले-बुजले आणि तिथे आजची बाग झाली. (त्या तळ्यात पेशव्यांच्या नावा फिरत होत्या तेव्हा आमच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके होते, हे सारसबागेच्या माहितीफलकावर कोणी लिहीत नाही.) वरच्या पर्वतीवर १३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आदींच्या पुढाकाराने मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह झाला आणि सत्याग्रहींवर दगड पडले. त्याच ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री वस्त्यांत शिरून माणसे नेली. ओढ्याचे पात्र कोणी आवळले, कोणत्या इमारतींच्या परवानग्या कोणी दिल्या, याचा जाब कोणाला विचारला गेला? २४ जून २०२१ रोजी मात्र भर पावसाळ्यात, करोनाच्या काळात, दांडेकर पुलाजवळच्या आंबील ओढा वसाहतीवर जेसीबी चालला. बायाबापड्या आडव्या पडल्या. त्याच दिवशी न्यायालयाची स्थगिती आली तेव्हा कारवाई थांबली. म्हणजे न्यायालय वस्तीलाही वाचवू शकते, वेळेवर कोणी पोहोचले तर.

सारसबागेबाहेर भेळ, पावभाजी विकून पोट भरणाऱ्यांवर पालिकेची कारवाई सुरूच असते. पदपथ मोकळा हवा हे खरे. त्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, सर्वेक्षण आहे, शहर फेरीवाला समिती आहे. ती प्रक्रिया बाजूला ठेवून हातगाड्या उचलणे म्हणजे कायदा राबवणे नव्हे.

वाहतुकीचे म्हणाल तर २०१८ मध्येच पुण्यातील नोंदणीकृत वाहने ३६ लाखांवर जाऊन शहराच्या लोकसंख्येच्या पुढे गेली होती. रुंदीकरण असो, उड्डाणपूल असो की वाहनतळ, नजर पहिल्यांदा झाडांवर आणि बागेच्या भिंतीवर जाते. कारण उघड आहे. खाजगी जमीन घेतली तर मोबदला द्यावा लागतो, मालक कोर्टात जातो. बागेची जमीन सरकारचीच, तिला मोबदला नाही आणि ओरडणारा मालक नाही. गणेशखिंड रस्त्याच्या रुंदीकरणातील वृक्षतोडीचा वाद उच्च न्यायालयात गेला. त्याच परिसरातील १८७३ च्या गणेशखिंड उद्यानाला २०२० मध्ये राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले, म्हणजे इच्छा असली की कायद्याचे कवच देता येते. धुणीभांडी करायला पीएमपीच्या बसने जाणाऱ्या आमच्या भगिनींना रुंद रस्त्याचा काय लाभ? बस वाढत नाहीत, रस्ता वाढतो आणि त्या रस्त्याने मोटारी वाढतात.

आणि मुंढवा? २०२५ साली मुंढव्यातील सुमारे ४० एकर जमिनीच्या व्यवहाराने महाराष्ट्र हादरला. जमीन महार वतनाची, ताबा सरकारकडे आणि भाडेपट्टा भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेकडे. तिचे ३०० कोटींचे खरेदीखत झाले, बोभाटा झाल्यावर व्यवहार रद्द करण्याची घोषणा आणि चौकश्या झाल्या. वनस्पतींसाठी राखलेली जमीनही सुरक्षित नाही, हे तर त्यातून दिसलेच. पण झाडे वाचावीत म्हणून बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या जमिनीच्या मूळ वतनदारांची आठवण झाली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन बिल मांडले ते आमच्या माणसाला वेठबिगारीतून सोडवण्यासाठी. त्याच्या वारसांनी कागदपत्रे घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्यात आणि जमिनीचा भाव दुसऱ्यांनीच ठरवावा, हे आम्ही चालू देणार नाही. झाडांचे रक्षण आणि वतनदारांचा न्याय हे दोन्ही एकाच अर्जात मागता येते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी निवेदने देऊन फोटो काढण्यापलीकडे काही करावे. आपल्या प्रभागातील विकास आराखड्याचा नकाशा माहिती अधिकारात मागवा आणि त्यावर हिरवी आरक्षणे कोठे आहेत ते पाहा. आरक्षण बदलायचे झाल्यास नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. ती नोटीस वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येते आणि मुदत महिनाभराची असते. त्याहून घातक आहे कलम १२७. बागेसाठी आरक्षित खाजगी जमीन दहा वर्षांत घेतली गेली नाही तर मालक नोटीस देतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षणच रद्द होते. जेसीबी लागत नाही, पोलीस लागत नाहीत. फाइल टेबलावर झोपवून ठेवली की बाग गेली. अशा नोटिसा पालिकेकडे किती पडून आहेत, हा पहिला अर्ज असावा.

पैशाची सबब सांगू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, पण पुणे जिल्हा त्यात नाही. पुणेकरांना मुंबईच गाठावी लागते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ मात्र पुण्यातच आहे. भरपाई मागायची नसेल तर तेथील अर्जाचे शुल्क हजार रुपये आहे आणि वादाचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावे लागते. बागेसाठी याचिका करणाऱ्या नागरिक संघटनांशी आमचे भांडण नाही. त्यांच्या याचिकेत लगतच्या वस्तीला पक्षकार करा, असे त्यांना आधी सांगू. त्यांनी केले नाही तर वस्तीतील भगिनींनी हस्तक्षेप अर्ज दाखल करावा. बाग राहावी आणि पुनर्वसनाशिवाय एकही घर हलू नये, या दोन्ही मागण्या त्यात एकाखाली एक लिहाव्यात.