एकर मोजले, गाळे कोण मोजणार?

ठाणे-वसई पट्ट्यात गोदामांची टंचाई आहे म्हटलं तर भिवंडीकर हसतील. मानकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे, कुठेही उभे राहा, नजर जाईल तिथपर्यंत पत्र्याची छपरं. तरी डोंबिवलीत घरगुती मसाल्यांचा धंदा वाढवू पाहणाऱ्या बाईला, ठाण्यात पंख्या-मिक्सरचे सुटे भाग विकणाऱ्याला किंवा वसईत मंडपाचं सामान ठेवणाऱ्याला तीन-चारशे फुटांचा गाळा भाड्यानं मिळत नाही. मिळालाच तर त्याचा कागद मिळत नाही. महापालिका, एमआयडीसी आणि राज्य सरकार या तिघांनाही यात काही करण्याजोगं आहे, म्हणून हे मुद्दे.

१. भिवंडीचं नाव सांगून सुटका होत नाही. भिवंडी फोफावली ती जकातीमुळे. माल मुंबईच्या जकात हद्दीबाहेर उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, असा तो हिशेब होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. भिवंडी रिकामी होईल असं तेव्हा अनेकांना वाटलं. घडलं उलटंच. राज्याराज्यांत गोदाम ठेवायची गरज संपल्यावर कंपन्यांनी साठा एकत्र केला, आणि गोदामं आणखी मोठी झाली. आता तिथं कंटेनर थेट फलाटाला लागतो, जागेचं बोलणं हजारांत आणि लाखांत चालतं. चारशे फूट मागणाऱ्याला तिथला एजंट चहाही विचारत नाही. मोठागाव-मानकोली पुलानं डोंबिवलीहून जाणं सोपं केलं हे खरं, पण रोज दहा खोके काढण्यासाठी रोज टेम्पोचं भाडं भरायचं तर त्या खोक्यांत नफा उरतो किती?

२. जुने गाळे कुठे गेले ते सगळ्यांना दिसतं. ठाण्याचं वागळे इस्टेट म्हणजे १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीची पहिली वसाहत. तिथं आज काचेच्या इमारती आणि ऑफिसं. पोखरण रोडवर रेमंडच्या जागेत टॉवर, भांडुप-मुलुंडच्या एलबीएस रोडवर कारखान्यांच्या जागी टॉवर. लोकांना घरं हवीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकेका कारखान्याच्या आवारात मागे चार-दोन शेड असायच्या, त्यांतला एखादा कोपरा कुणा छोट्या व्यापाऱ्याला दिलेला असायचा. तो कोपरा कुठल्याच नकाशावर नव्हता, त्यामुळे तो गेल्याची नोंदही कुठे झाली नाही. उरलेल्या तळमजल्यांवर आता दहा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या कंपन्यांची नजर आहे. दोन-चार हजार फूट एकदम घेणारा भाडेकरू दारात उभा असताना मालकानं त्याच जागेचे सहा तुकडे का करावेत?

३. सगळ्यात मोठं दुखणं कागदाचं. जागा पसंत पडते, भाडं ठरतं, आणि मग मालक म्हणतो, “ॲग्रीमेंट नाही होणार हां, रोख द्या.” मालक लबाडच असतो असं नाही. एमआयडीसीचा भूखंड त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं असतो. त्यातला भाग दुसऱ्याला द्यायचा तर परवानगी लागते आणि त्याचे पैसे भरावे लागतात. तीन गाळ्यांसाठी ही उठाठेव कोण करणार?

पण घेणाऱ्याचं काय होतं ते पाहा. जीएसटीत गोदामाचा पत्ता ‘अतिरिक्त व्यवसाय स्थळ’ म्हणून जोडावा लागतो. त्यासाठी जागेचा पुरावा हवा. पुरावा नाही म्हणून पत्ता जोडला नाही, आणि उद्या तपासणी आली, तर बिलानं घेतलेला स्वच्छ मालसुद्धा संशयाचा ठरतो. माल खाण्याचा असेल तर अन्न परवान्याला पुन्हा तोच पुरावा. विमा कंपनी दाव्याच्या वेळी विचारते ते वेगळंच. म्हणजे प्रामाणिकपणे कर भरणारा माणूस फक्त जागेच्या कागदापायी चोरासारखा वावरतो.

गंमत अशी की कायदा भाडेकरूच्या बाजूनं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर दंड किंवा कैदही होऊ शकते, आणि अटींबद्दल वाद झाला तर भाडेकरू सांगेल ते धरलं जातं. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी ऑनलाइन होते, मुद्रांक शुल्क जेमतेम पाव टक्का. तरी एमआयडीसीची वेगळी परवानगी आडवी येते, आणि गाळा हातचा जाईल या भीतीनं कुणी कलम ५५ चं नावही काढत नाही. एमआयडीसीनं पाचशे फुटांपर्यंतच्या पोटभाड्याला एक ठरावीक, माफक शुल्क आणि एका पानाचा ऑनलाइन अर्ज एवढं केलं तरी रोखीतले कितीतरी व्यवहार आपोआप उजेडात येतील.

४. फुटांचा खेळ. समजा, गाळा ४०० फुटांचा म्हणून सांगितला आणि दर ४० रुपये. महिन्याचे झाले १६,०००. आत टेप लावली तर भरतो ३०० फूट, म्हणजे खरा दर ५३ रुपयांच्या पुढे. वर माळा असेल तर तोही फुटांत धरलेला असतो, मग त्यावर माणूस सरळ उभा राहू शकत नसला तरी. मालक जीएसटीत नसला आणि भाडेकरू असला, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूनंच भरायचा. या उदाहरणात २,८८० रुपये. पुढे वजावट मिळते, पण आधी खिशातून जातात. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्यांना वजावटच नसते, त्यांना यातून जानेवारी २०२५ मध्ये वगळलं, ते बरं झालं. करारात कार्पेट क्षेत्रफळ लिहिणं सक्तीचं करायला मात्र कुणाचं काय जातं?

५. आग आणि पाणी. गाळा न मिळालेला माणूस धंदा बंद करत नाही. माल सोसायटीच्या जिन्याखाली जातो, राहत्या खोलीत जातो, दुकानाच्या पोटमाळ्यावर जातो. त्यात थिनर असतं, परफ्यूम असतो, बॅटऱ्या असतात. धोका फक्त आगीचाही नाही. २९ एप्रिल २०२३ ला भिवंडीजवळ वळपाड्यात इमारत कोसळून माणसं दगावली. तिथं खाली गोदाम होतं आणि वर कुटुंबं राहत होती. अग्निशमनाचा २००६ चा राज्य कायदा मालक आणि भोगवटादार या दोघांवरही जबाबदारी टाकतो, दर जानेवारी आणि जुलैला यंत्रणा चालू असल्याचा दाखला मागतो. वीस गाळ्यांच्या कंपाउंडमध्ये प्रत्येकानं हे वेगवेगळं करणं अशक्यच. तिथं आख्ख्या कंपाउंडला एक यंत्रणा, एक दाखला आणि खर्च फुटांप्रमाणे वाटून, हाच मार्ग आहे. पाण्याचं म्हणाल तर वसई पूर्वेला गाळा बघायला गेलात की आधी भिंतीचा खालचा भाग पाहा. रंग नवा आणि शटरचा तळ गंजलेला असेल तर जुलै २०१८ च्या पुरात इथं पाणी कुठवर होतं, ते शेजारच्या टपरीवाल्याला विचारा. मालकाला विचारू नका.

६. मग करायचं काय? राज्यानं २०२४ साली लॉजिस्टिक्स धोरण आणलं, त्यात १० हजार एकरांहून जास्त जागेची भाषा आहे. तिथं दोनशे ते पाचशे फुटांच्या गाळ्यांचा ठरावीक हिस्सा लिहा, नाहीतर ती सगळी जागा बड्यांचीच. दुसरं, डोंबिवलीतल्या कारखान्यात २३ मे २०२४ ला झालेल्या स्फोटानंतर तिथले धोकादायक कारखाने हलवण्याची घोषणा झाली. ते हललेच, तर मोकळ्या भूखंडांपैकी काही छोट्या, बिनधोक मालाच्या गाळ्यांसाठी राखा; टॉवरचा प्रस्ताव यायच्या आधी. तिसरं, महापालिकांच्या मंडईच्या इमारतींत वरच्या मजल्यांवर ग्राहक चढत नाही म्हणून ओटे धूळ खातात. मालासाठी असलेली लिफ्ट चालू ठेवा आणि ते साठवणुकीला द्या, पण लिलावानं नको. लिलावात जागा घेणारा एक आणि वापरणारे दुसरेच, हे आपण पुरेसं पाहिलंय. चौथं, नोंदणी विभागाकडे प्रत्येक नोंदलेल्या कराराचं भाडं आणि क्षेत्रफळ आहेच. नावं वगळून गाव आणि पेठेनुसार दर तिमाहीला सरासरी जाहीर केली, तर एजंटच्या तोंडचा दर हाच बाजारभाव राहणार नाही.

७. टेम्पोची वेळ. गाळा मिळाला, कागद झाला, आणि समोरच्या रस्त्यावर सकाळी आठ ते रात्री नऊ मालगाड्यांना बंदी लागली, तर सगळं मुसळ केरात. ‘छोटा हत्ती’ टेम्पोला दुपारी दोन तास आणि उभं राहायला पांढऱ्या पट्ट्यांची एक चौकट, एवढं वाहतूक शाखा आणि महापालिका एका बैठकीत ठरवू शकतात.