अंगावरची अक्षरं



या अंकाचं संपादकीय मी खरं तर बचत गटांच्या डोक्यावरच्या कर्जांबद्दल लिहायला घेतलं होतं. अर्धं लिहूनही झालं होतं. मग एका रविवारी पोरांचं कपाट आवरायला बसले आणि विषयच बदलला. कर्जाचा विषय पुढच्या अंकात घेऊ, तो कुठे पळून जात नाही.

मला दोन मुलं आहेत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. आखूड झालेले, विटलेले कपडे वेगळे काढत होते. घड्या घालताना सवयीने टी-शर्टावरचं वाचत गेले आणि हळूहळू हात थांबला. मुलीच्या ढिगात ‘प्रिन्सेस’ दोनदा, एकशिंगी गुलाबी घोडा, फुलपाखरं आणि ‘मम्माज क्यूट गर्ल’. मुलाच्या ढिगात सिंह, ट्रक, ‘बॉस’, ‘फ्यूचर कॅप्टन’ आणि ‘ट्रबल मेकर’. म्हणजे मुलीने गोड दिसायचं, मुलाने हुकूम सोडायचा, आणि त्याने खोड्या केल्या तर आपण कौतुकाने त्याच्या छातीवर छापून घ्यायचं. हे सगळे कपडे मीच विकत आणले होते. समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, गावोगावी लिंगभाव-समानतेची शिबिरं घेणारी, मुलगा-मुलगी भेदाचे तक्ते भिंतीवर चिकटवणारी मी. दुकानात फक्त कापड चोळून पाहिलं होतं, भाव विचारला होता आणि माप लावलं होतं. अक्षरं दिसली नव्हती असं नाही. ती वाचायची असतात हे मात्र सुचलं नव्हतं.

मुलीचे दोन टी-शर्ट अगदी नव्यासारखे होते, म्हणून मुलाला घालायला गेले. तो म्हणाला, “ताईचा नको. त्यावर फुलपाखरू आहे.” फुलपाखरामागे अंगणभर धावणारा हा मुलगा! ते मुलींचं असतं हे त्याला कुणी शिकवलं? घरात तरी कुणी बोललं नव्हतं. पण दुकानातली डावीकडची भिंत गुलाबी आणि उजवीकडची निळी असते, तेवढं त्याला पुरलं. यात दुकानदाराचं साधं गणितही आहे. मोठ्या बहिणीचा कपडा धाकट्या भावाला चालला, तर एक टी-शर्ट विकला जातो. चालला नाही, तर दोन. मुलीच्या पँटचे खिसे नुसते शिवणीचे, आत हात जातच नाही, आणि मुलाच्या खिशात गोट्या, खडू, अर्धा बिस्किटपुडा सगळं मावतं. कपाट आवरताना हेही पहिल्यांदाच लक्षात आलं.

आपल्या भागात अक्षरांची आणखी एक गंमत आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या कडेने जा. चिखलात ओणव्या असलेल्या बायांच्या लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा नाहीतर पोराचा टी-शर्ट असतो. पाठीवर पाऊस, पायाखाली चिखल, हातात पऱ्ह्याची जुडी, आणि छातीवर कुठल्यातरी परदेशी विद्यापीठाचं नाव. गेल्या पावसाळ्यात एकीच्या टी-शर्टावर, सुट्टीत समुद्रावर पडून आराम करतो आहे, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं. मी हसले. तिने कारण विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, “बाई, मले का मालूम का लिवलं हाय ते? बाह्या पुऱ्या हायेत, येवढंच पाह्यलं.” तिचं बरोबरच होतं. पण ते वाक्य चेष्टा करत होतं तिचीच, आणि ते तिला सोडून वाचता येणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला जड जातं. तीन वर्षांपूर्वी सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका गावात किशोरवयीन मुला-मुलींचं शिबिर होतं. दुसऱ्या दिवशी दहावीतली एक मुलगी नवा टी-शर्ट घालून आली. तिच्या अंगावर इंग्रजीत असं काही छापलं होतं, की ते मराठीत मोठ्याने म्हणायची कुणाची हिंमत झाली नसती. तिला अक्षरं लावता येत होती, अर्थ लागत नव्हता. मागे बसलेल्या तीन-चार मुलांना तो लागला होता आणि ते एकमेकांना कोपराने ढोसत होते. मी काय केलं? तिला बाजूला बोलावलं, माझी ओढणी तिच्या खांद्यावरून पुढे घेतली आणि म्हटलं, “असलं घालून येत जाऊ नकोस. उद्यापासून ड्रेस घालून ये.” तिने मान खाली घातली. ती दुसऱ्या दिवशी आली नाही, पुढच्या शिबिरालाही आली नाही. मागे बसलेल्या मुलांना मी एक शब्दही बोलले नाही.

पुढे तिच्या मैत्रिणीकडून कळलं. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला ती आईबरोबर पहाटे जंगलात जायची. त्या पैशातले थोडे तिने स्वतःसाठी राखून ठेवले होते आणि दिवाळीनंतरच्या मंडईत हा टी-शर्ट घेतला होता. स्वतःच्या कमाईचा, स्वतः पसंत केलेला तिचा पहिला कपडा. तो तिने शिबिराला घातला, कारण तिथे ताई येणार होत्या.

आपली चळवळ कशातून उभी राहिली हे मी प्रशिक्षणात नेहमी सांगते. आपल्याच गोंदिया-चंद्रपूर रेल्वेमार्गावरच्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत म्हणजे तिची संमती होती, असा तर्क लावला गेला आणि तिच्या आधीच्या संबंधांची चर्चा झाली. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. गुन्हा करणाऱ्याकडे बघा, मुलगी कशी होती हे विचारू नका, एवढंच तर आपलं म्हणणं होतं. ते तोंडपाठ असलेल्या मी त्या दिवशी मुलीकडे पाहिलं आणि मुलांकडे पाठ केली. तिला वाचवण्यासाठीच ओढणी घातली, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. घराघरांत मुलींना सांगितलं जाणारं कारणही नेमकं हेच असतं.

मग काय, काहीही छापलेलं चालवून घ्यायचं का? मुळीच नाही. पण जाब कुणाला विचारायचा हा प्रश्न आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या काही शाळकरी मुलींनी तो नीट विचारला होता. २००५ साली ॲबरक्रॉम्बी अँड फिच या कंपनीने मुलींसाठी टी-शर्ट काढले, त्यातल्या एकावर छातीकडे बोट दाखवून ‘हे असताना मेंदू कशाला हवा’ अशा अर्थाचं वाक्य होतं. या मुलींनी खरेदीवर बहिष्कार पुकारला आणि कंपनीला तो माल मागे घ्यावा लागला. २०११ साली जेसी पेनी या दुकानसाखळीने शाळकरी मुलींसाठी टी-शर्ट काढला. मी इतकी सुंदर आहे की मला गृहपाठ जमत नाही, तो माझ्या भावाला करावा लागतो, असा त्यावरचा मजकूर होता. पालकांनी ओरड केली आणि तोही मागे घेतला गेला. दोन्ही वेळी घालणारीला कुणी बोल लावला नाही, छापणाऱ्याला धरलं.

आपण म्हणू, ही अमेरिकेची गोष्ट, आपल्या गोंदियाचं काय? २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या. राज्याचा आकडा ९२९. सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण आपल्याकडे ९५६ आणि राज्यात ८९४. आपण हे भाषणात अभिमानाने सांगतो, आणि सांगावंच. पण जन्माला आलेल्या मुलीला पुढे आपण काय काय ऐकवतो, याची मोजदाद कुठलीच जनगणना करत नाही.

आता उलट बाजूचेही टी-शर्ट निघाले आहेत. मुलीच जगावर राज्य करणार, स्त्रीशक्तीचा विजय असो, वगैरे. बाजाराला आपल्या घोषणाही विकता येतात. २०१९ साली स्त्री-पुरुष समतेच्या कामाला निधी मिळावा म्हणून इंग्लंडमध्ये टी-शर्ट विकले गेले. ते शिवणाऱ्या बांगलादेशातल्या बायांना तासाला ३५ पेन्स मिळत होते, हे तिथल्या ‘गार्डियन’ वृत्तपत्राने छापलं. लांब कशाला जायचं? आपल्या देशातले होजिअरीचे कपडे मोठ्या प्रमाणात तामिळनाडूतल्या तिरुप्पूरला तयार होतात. त्या राज्यातल्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाची पद्धत वर्षानुवर्षं चालली. गरीब घरातल्या, बऱ्याचदा दलित मुलींना तीन वर्षं वसतिगृहात ठेवून राबवायचं आणि शेवटी एकरकमी पैसे द्यायचे, लग्नासाठी म्हणून. म्हणजे हुंड्यासाठीच, आणि हुंडाबंदीचा कायदा मात्र १९६१ सालचा. मुलीच्या छातीवर ‘गर्ल पॉवर’ छापलेलं असतं तेव्हा त्या सुतामागे कोण उभी होती, हे कपड्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

तरीही छापलेल्या टी-शर्टावर माझा सरसकट राग नाही. चौदा एप्रिलला किंवा दीक्षाभूमीवर जाताना पोरंपोरी बाबासाहेबांचं चित्र असलेले निळे टी-शर्ट घालतात. ते त्यांनी वाचून, समजून, निवडून घातलेले असतात. ते घालून गावातून चालण्याला काय धैर्य लागतं, हे ज्यांच्या वस्तीवर दगड पडले आहेत त्यांना विचारा.

घरी मी कपडे फेकले नाहीत. धडधाकट कपडा फेकण्याइतकी आपली ऐपत नाही आणि ते बरंही नाही. मुलांना बसवून एकेक टी-शर्ट मराठीत वाचून दाखवला. मुलगी म्हणाली, “मग मला बॉसवाला दे.” मुलगा तो द्यायला तयार नव्हता. भांडण झालं, अजून मिटलेलं नाही. शिबिरातही आता एक तास असाच घेतो. ज्याने जे घातलं असेल त्याचा अर्थ सगळ्यांनी मिळून लावायचा आणि मुलांनी मुलांच्या कपड्यांवरचं आधी वाचायचं. पहिल्यांदा हसणारी मुलं दुसऱ्या-तिसऱ्या टी-शर्टापर्यंत गप्प होतात, कारण स्वतःच्या छातीवर काय आहे तेही त्यांना ठाऊक नसतं.

ती मुलगी मला या वर्षी आमगावच्या बसस्टँडवर भेटली. बारावी झाली आहे, नर्सिंगच्या प्रवेशासाठी खटपट चालली आहे. मी तिची माफी मागितली. ती जराशी लाजली आणि म्हणाली, “ताई, त्याच्यावर का लिवलं होतं ते तर सांगा. तवा तुमी सांगतलंच नाही.” तिथेच उभ्या उभ्या तिला मराठीत सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मायनं त्याचा पोतारा केला. रंग लय पक्का होता पण.” तेवढ्यात तिची बस लागली.

पुढच्या अंकासाठी तुमच्या घरातल्या कपड्यांवर काय काय लिहिलं आहे ते वाचून आम्हाला कळवा. मुलीचं आणि मुलाचं वेगवेगळं लिहा. इंग्रजी लागत नसेल तर अक्षरं जशीच्या तशी कागदावर उतरवून पाठवा, अर्थ आपण मिळून लावू.