शब्दाचीही जकात

रमजानचा शेवटचा टप्पा आला की मोहल्ल्या-मोहल्ल्यांत हिशेबाच्या वह्या उघडतात. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी संपत्ती ज्याच्याकडे वर्षभर राहिली, त्याने तिचा अडीच टक्के हिस्सा जकात म्हणून द्यायचा. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येकामागे फितरा काढायचा. पैशाचा हिशेब असा चोख आहे. पण माणसाजवळ आणखी एक पुंजी असते. त्याचे नाव, त्याच्या ओळखी, चारचौघांत त्याच्या शब्दाला असलेले वजन. तिचा हिशेब फारसे कोणी मांडत नाही.

कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यात फकीर आणि मिस्कीन यांच्यापाठोपाठ तिसरा क्रमांक आहे जकात गोळा करणाऱ्यांचा. म्हणजे देणाऱ्याच्या दाराशी जाणे आणि मिळालेले गरजवंतापर्यंत पोचवणे, हेही काम धर्माने मोजले आहे.

1874 मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी एक होते बद्रुद्दीन तय्यबजी. मुंबईतले पहिले हिंदी बॅरिस्टर आणि पुढे 1887 मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष. वकिलीत कमावलेली पत त्यांनी समाजाच्या शिक्षणासाठी खर्ची घातली. पुढच्याच वर्षी अलीगढला सर सय्यद अहमद खान यांनी मदरसा सुरू केला, त्याचेच पुढे कॉलेज झाले. न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर राहिलेला हा माणूस कॉलेजच्या वर्गणीसाठी दारोदार फिरला, म्हातारपणी रंगमंचावरही उभा राहिला. लोक हसले, तरी त्यांनी मान खाली घातली नाही. त्यांना मदत करणाऱ्यांत पतियाळाच्या महाराजांसारखे बिगरमुस्लिमही होते.

मग ज्याला हुद्दा नाही त्याने काय करावे? त्याचे उत्तर गाडगेबाबांनी दिले. अंगावर चिंध्या, हातात खराटा. आधी गाव झाडायचे, मग कीर्तनातून लोकांना हसवत, रागावत बोलते करायचे. पंढरपूर, नाशिक, पुणे येथे त्यांनी उभारलेल्या धर्मशाळा याच बळावर झाल्या. जमलेल्या पैशातला पैसाही त्यांनी स्वतःसाठी ठेवला नाही, म्हणून लोक पुन्हा पुन्हा देत राहिले. बोलण्याची हातोटी आणि हाताची स्वच्छता एकत्र आली की पदाची गरज उरत नाही.

आज मात्र वजनदार माणसाचे नाव बहुधा इफ्तारच्या फ्लेक्सवर दिसते. शिधा घेणाऱ्या विधवेसोबत फोटो निघतो आणि तो तिच्या मुलांच्या मोबाईलपर्यंत पोचतो. दिखाव्याच्या दानाला इस्लाममध्ये ‘रिया’ म्हणतात. असे दान वाया जाते, अशीच शिकवण आहे. म्हणून काही सज्जन या साऱ्यापासून लांबच राहतात. गुपचूप देतात आणि गप्प बसतात. ते त्यांच्या दानापुरते योग्यच आहे. पण स्वतःचे दान झाकणे वेगळे आणि दुसऱ्याच्या गरजेविषयी मौन पाळणे वेगळे.

धर्मादाय रुग्णालयांचे उदाहरण घ्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार महाराष्ट्रात या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. तरीही कागदपत्रे हातात घेऊन काउंटरवर घुटमळणाऱ्या मजुराला हे माहीत नसते, माहीत असले तरी बोलायचे धाडस होत नाही. तिथे गावातल्या डॉक्टरचा, निवृत्त मुख्याध्यापकाचा, माजी नगरसेवकाचा एक फोन जे काम करतो, ते दहा हजारांच्या देणगीनेही होत नाही. शिवाय त्यात कोणाचा हक्क हिरावला जात नाही. जे त्याचेच आहे, ते त्याला मिळते.

प्रतिष्ठा ही अमानत आहे. ती समाजानेच दिलेली असते आणि समाजासाठी वापरली तरच टिकते. तीन पथ्ये मात्र पाळावीत. मागताना आपली जात-जमात पाहू नये, घेणाऱ्याचे नाव झाकावे आणि जमलेल्या पैशाचा हिशेब उघडा ठेवावा. ईदला अजून काही दिवस आहेत. एखाद्या मुलीची फी अडली आहे, कुणाचे डायलिसिस खोळंबले आहे. पाकीट रिकामे असले तरी ज्याच्या शब्दाला गावात मान आहे, त्याच्यावर त्या शब्दाची जकात बाकी आहे.