साथीदाराचे नाव

घरातल्या वडीलधाऱ्या माणसांसमोर 'अलबेला' चित्रपटाचे नाव काढून पाहा. १९५१ सालचा हा चित्रपट. त्यातले भगवानदादा, म्हणजे भगवान आबाजी पालव, जन्माने आपल्या वऱ्हाडातल्या अमरावतीचे. बाप गिरणी कामगार, स्वतःही मजुरी केलेले. त्यांचा तो खांदे हलवत, कमरेतून हलकेच डुलत केलेला नाच आजही आपल्या वरातीत नाचला जातो. मलकापूर असो की मोताळा, बँडवाल्याने ती चाल धरली की म्हातारा माणूससुद्धा दोन पावले टाकतो.

या चित्रपटाचे संगीत सी. रामचंद्र यांचे. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे रागदारी शिकलेला हा माणूस. मग या गाण्यांत ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि बोंगो कोठून आले? त्या सुरांमागे दुसरा एक माणूस उभा होता. त्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याची गोष्ट सांगण्याआधी ट्रंपेट जिथून आली तिथे जाऊन यावे लागेल.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक संगीत घडवले. त्याला जॅझ म्हणतात. त्यांचे आजे-पणजे गुलाम होते. जॅझमध्ये चाल ठरलेली असते, पण प्रत्येक वादक आपल्या पाळीला ती चाल मनाने फुलवतो आणि पुन्हा मुखड्यावर येतो. आपल्याकडे कव्वालीवाला मध्येच शेर टाकून ध्रुपदावर परततो, तसेच काहीसे. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. त्या विद्यापीठाला लागूनच हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती. याच हार्लेममध्ये पुढे 'कॉटन क्लब' नावाचे ठिकाण गाजले. तिथे ड्यूक एलिंग्टन यांचा बँड १९२७ सालापासून वाजत होता. वाजवणारे सगळे काळे, खुर्चीवर बसून ऐकणारे गोरे. काळ्या माणसाने वाजवायचे, पण गिऱ्हाईक म्हणून आत बसायचे नाही. वाजंत्री हवी पण वाजवणारा पंगतीत नको, ही रीत आपल्या गावगाड्याला नवी नाही.

हे एलिंग्टन पुढे फार मोठे झाले. पियानो वाजवायचे, गाणी रचायची, पंधरा-सोळा वादकांचा बँड सांभाळायचा. त्यांच्या मोठेपणाची खरी ओळख पटते ती मात्र त्यांनी जोड्या कोणाबरोबर जमवल्या त्यावरून.

एप्रिल १९६१ मध्ये ते लुई आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर बसले. आर्मस्ट्राँग म्हणजे ट्रंपेटचा बादशहा, जुन्या न्यू ऑर्लिन्सच्या धाटणीचा. दोघेही आपापल्या बँडचे मालक. मग बँड कोणाचा घ्यायचा? एलिंग्टन यांनी आपला बँड आणलाच नाही. आर्मस्ट्राँग यांच्या लहानशा संचात पियानोवाल्याच्या जागेवर ते स्वतः जाऊन बसले. गाणी एलिंग्टनची, माणसे आर्मस्ट्राँगची. एवढ्या मोठ्या माणसाने दुसऱ्याच्या संचात साथीला बसायचे, ही लहान गोष्ट नव्हे.

पुढच्या वर्षी १७ सप्टेंबर १९६२ रोजी ते दोन तरुण वादकांबरोबर बसले. बास वाजवणारे चार्ल्स मिंगस आणि ड्रम वाजवणारे मॅक्स रोच. मिंगस म्हणजे रागाचा भडका. १९५३ साली भांडणापायी एलिंग्टन यांनीच त्यांना बँडमधून काढले होते. या वेळीही रेकॉर्डिंग चालू असताना मिंगस वाद्य उचलून निघून गेले. एलिंग्टन यांनी जाऊन त्यांची समजूत घातली आणि परत आणले. 'मनी जंगल' ही ती रेकॉर्ड. ऐकताना तिघे एकमेकांशी झगडत आहेत असेच वाटते. पण झगडा सुरांचा आहे, आणि तोही ऐकण्यासारखा.

त्यानंतर नऊच दिवसांनी, २६ सप्टेंबरला, समोर होते जॉन कोल्ट्रेन. एलिंग्टन ६३ वर्षांचे, कोल्ट्रेन ३६ वर्षांचे. सगळ्यात न जुळणारी जोडी हीच. एलिंग्टन मोजके सूर वाजवणारे, दोन सुरांमध्ये जागा सोडणारे. कोल्ट्रेन सॅक्सोफोनमधून सुरांचा धबधबा सोडणारे, तासन् तास एकच राग उकलावा तसे वाजवणारे. लोकांना वाटले असेल, म्हातारा दमेल नाहीतर तरुण कोंडेल. झाले उलटेच. एलिंग्टन यांनी १९३५ साली रचलेली एक जुनी हळवी चाल घेतली. पियानोवर त्यांनी चार-दोन सुरांची नक्षी धरली आणि तीच पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. कोल्ट्रेन यांनी आपला धबधबा आवरला आणि ती चाल जवळजवळ जशीच्या तशी वाजवली. असे सांगतात की कोल्ट्रेन यांना पुन्हा एकदा वाजवून पाहायचे होते. एलिंग्टन यांनी ते टाळले. पहिल्यांदा मनातून आले ते आले, दुसऱ्यांदा ती नुसती नक्कल होईल, असे त्यांचे म्हणणे.

या बैठकीत आणखी एक गोष्ट झाली. दोघांनीही आपापले बासवाले आणि ड्रमवाले आणले होते. काही गाण्यांना एकाचे साथीदार, काहींना दुसऱ्याचे. कोणी कोणाला गिळले नाही. रेकॉर्डवर नावही दोघांचे लागले, एका ओळीत, बरोबरीने.

आता मुंबईला येऊ. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा जॅझ बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. त्यांच्यामागून टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे पियानोवादक आले. या काळ्या उस्तादांचे वादन ज्यांनी कान लावून ऐकले, त्यांच्यात गोव्याचे ख्रिस्ती तरुण होते. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य. तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना लहानपणीच व्हायोलिन आणि संगीताचे लिखाण शिकवले जाई. गोव्यात काम नव्हते, म्हणून हे लोक मुंबईला आले.

त्यातलेच एक अँटोनियो झेवियर वाझ, बारदेशातल्या आल्दोना गावचे, १९१६ सालचा जन्म. मुंबईत त्यांचे नाव पडले चिक चॉकलेट. आर्मस्ट्राँगसारखी ट्रंपेट वाजवायचे, म्हणून लोक त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री मोठ्या हॉटेलांत साहेबांसमोर वाजवायचे आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. तिथे त्यांची गाठ सी. रामचंद्र यांच्याशी पडली.

एक रागदारीतला, दुसरा जॅझमधला. पण जमले. संगीतकार हार्मोनियमवर चाल सांगायचा. आपली चाल एका धाग्याची असते. तो धागा कागदावर उतरवायचा, त्याच्याभोवती व्हायोलिन काय वाजवतील, ट्रंपेट कोठे शिरेल, दोन कडव्यांच्या मध्ये काय भरायचे, हे सगळे लिहून प्रत्येक वादकापुढे कागद ठेवायचा, हे काम गोव्याच्या मंडळींचे. त्याला अरेंजर म्हणतात. त्यांना संगीत लिहिता-वाचता येत होते, म्हणून त्यांच्यावाचून स्टुडिओचे पान हलत नव्हते. 'अलबेला'तले अंगाईगीत ऐका आणि त्यातलेच नाचाचे गाणे ऐका. पहिल्यात रागदारी आहे, दुसऱ्यात जॅझ आहे, आणि दोन्ही एकाच चित्रपटात सुखाने नांदतात.

मात्र नावाच्या बाबतीत हिशेब सरळ राहिला नाही. पडद्यावर मोठ्या अक्षरात संगीतकाराचे नाव. अरेंजरचे नाव कधी सहाय्यक म्हणून बारीक अक्षरात, आणि पुष्कळदा अजिबात नाही. वाजवणारे चाळीस-पन्नास जण तर हिशेबातच नाहीत. चिक चॉकलेट त्यातल्या त्यात नशीबवान. 'अलबेला'त ते आपल्या बँडसह पडद्यावर दिसतात. त्याच वर्षी 'नादान' चित्रपटाला त्यांनी स्वतंत्रपणे संगीतही दिले. १९६७ साली ते वारले. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांची गाणी सजवणारे सेबॅस्टियन डिसोझा तर आयुष्यभर पडद्यामागेच राहिले.

कोणाचे ऋण कोणी फेडलेच नाही, असेही नाही. गोव्यातल्या माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे मुंबईत व्हायोलिन शिकवत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल शर्मा त्यांचे शिष्य. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' आला, त्यात अमिताभ बच्चनच्या पात्राचे नावच अँथनी गोन्साल्विस. गाण्याला संगीत प्यारेलाल यांच्या जोडीचे. गाणे देशभर गाजले. ते नाव एका खऱ्याखुऱ्या गुरुजींचे आहे, हे ऐकणाऱ्यांना कळायला मात्र बरीच वर्षे जावी लागली. पुढे २०१२ मध्ये नरेश फर्नांडिस यांचे 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक आले आणि मुंबईच्या या जॅझवाल्यांची नावे एका ठिकाणी नोंदली गेली. गोन्साल्विस गुरुजी त्याच वर्षी वारले.

या सगळ्यातून दिसते ते एवढेच, की जोडी जमायला दोघे सारखे असावे लागत नाहीत. एलिंग्टन आणि कोल्ट्रेन सारखे नव्हते, पुणतांब्याचे चितळकर आणि आल्दोन्याचे वाझही सारखे नव्हते. मोठ्याने सरकून जागा द्यायची, धाकट्याने आपला सूर सोडायचा नाही, एवढे झाले तर गाणे होते. पण गाणे झाले म्हणजे न्याय झाला असे नाही. न्याय होतो तो नाव घेतल्यावर.

आपल्या गायन पार्ट्यांनाही हे लागू आहे. पोस्टरवर गायकाचा फोटो, मोठे नाव, आणि तळाशी 'आणि संच'. त्या दोन शब्दांत ढोलकीवाला असतो, बेंजोवाला असतो, हल्ली कीबोर्डवालाही असतो. दिवसभर कामावर राबून रात्रभर मांडव जागा ठेवतात ते हेच. एखादा सनईवाला डफड्यातून आलेला असतो, एखादा ट्रंपेटवाला लग्नाच्या बँडमधून. म्हणजे आपल्या स्टेजवरही न जुळणाऱ्या जोड्या रोज जुळतात. तेव्हा यंदाच्या कार्यक्रमाची पोस्टरे छापायला टाकताना मंडळाच्या पोरांनी चार ओळी जास्त टाकाव्यात. ढोलकी कोण, बेंजो कोण, कोरसला कोण, आणि गाव कोणते. छपाईचा खर्च त्याने फारसा वाढणार नाही. आणि त्या ढोलकीवाल्याच्या घरी ते पोस्टर भिंतीवर लागेल.