‘कळतं ना!’



संघटना का सोडलीस, असं एखाद्या जुन्या कार्यकर्तीला विचारून पाहा. विचार पटेनासे झाले म्हणून बाहेर पडले, असं सांगणाऱ्या थोड्या. घरची जबाबदारी, तुटपुंजं मानधन, रोजचा प्रवास ही कारणं येतात, आणि ती खरीही असतात. पण दुसरा चहा झाला की बोलण्यात एखादी व्यक्ती डोकावते. ‘त्यांना मी नकोच होते.’ ‘सगळं श्रेय तिलाच हवं असायचं.’ असं त्या कधी म्हणाल्या का, असं मी विचारते. उत्तर ठरलेलं असतं, ‘म्हणायला कशाला हवं? कळतं ना!’

या ‘कळतं ना’बद्दल आपण आपसात फार कमी बोलतो. नवरा, सासर, पोलीस, न्यायालय यांच्या मनातली गृहीतं उघडी पाडण्यात आपल्या चळवळीची काही दशकं गेली. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकारी बाईबद्दल आपल्याच मनात काय गृहीत धरलेलं आहे, हे मात्र तपासायचं राहून जातं.

प्रशिक्षण शिबिरात मी एक प्रसंग चर्चेला ठेवते. तो कुठल्याही एका संस्थेचा नाही, पाच-सहा ठिकाणचं पाहून-ऐकून जुळवलेला आहे. एका समुपदेशन केंद्रातल्या वस्ती-कार्यकर्तीचा मासिक अहवाल सलग दोन महिने तीन-तीन दिवस उशिरा येतो. सोमवारच्या बैठकीत समन्वयक ताई कुणाकडेही न बघता म्हणतात, ‘रिपोर्ट वेळेवर आले तर बरं होईल.’ कार्यकर्ती बैठकभर गप्प बसते. घडलेलं एवढंच. संध्याकाळपर्यंत ताईंच्या मनात ठरलेलं असतं, ‘हिला कामात रस उरलेला नाही, दुसरीकडे नोकरी बघत असणार.’ आणि बसच्या रांगेत कार्यकर्ती मैत्रिणीला सांगत असते, ‘मला लिहिता येत नाही हे चारचौघींत दाखवायचं होतं त्यांना. शिकलेल्या आहेत ना!’

अहवालाचा तक्ता बदललेला असतो, त्यातले रकाने इंग्रजीत असतात, मुलाची दहावी असल्यामुळे तो भरून द्यायला त्याला रात्री उशिराशिवाय वेळ नसतो. हे ताईंना ठाऊक नसतं. निधी देणाऱ्या संस्थेची तारीख चुकली तर पुढच्या तिमाहीचं सगळ्यांचंच मानधन अडकेल, हे कार्यकर्तीला कुणी सांगितलेलं नसतं. मैत्रीण मात्र दुसऱ्या दिवशी केंद्रात येते तेव्हा तिच्याकडे तयार गोष्ट असते, आणि आठवड्याभरात केंद्रात दोन गट पडलेले असतात.

हा प्रसंग वाचून झाल्यावर मी कागदाचे दोन भाग करायला सांगते. एकीकडे जे दिसलं आणि ऐकू आलं ते, दुसरीकडे आपण लावलेला अर्थ. पहिल्या रकान्यात तीन-चार ओळी येतात, दुसरा पानभर वाहतो. समाजकार्य शिकलेल्यांना ही पद्धत नवी नाही. क्षेत्रकार्याच्या नोंदी करताना बाई काय म्हणाली ते एका ठिकाणी आणि मला काय वाटलं ते दुसऱ्या ठिकाणी, असं आमच्याकडून घोटून घेतलेलं असतं. फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ साली व्यक्तिसाहाय्य कार्याची जी सात तत्त्वं मांडली, त्यांतलं ‘निवाडा न करणं’ हे तर परीक्षेत हमखास येणारं. केंद्रात आलेल्या बाईला आपण हे सौजन्य देतो. तिची फाइल ज्या सहकारिणीने लिहिली तिला देत नाही.

क्रिस आर्गिरिस या अमेरिकन अभ्यासकाने याला ‘अनुमानाची शिडी’ म्हटलं. पीटर सेंगे यांच्या १९९० मधल्या पुस्तकामुळे ती कल्पना पुष्कळ पसरली, मुख्यतः कंपन्यांच्या व्यवस्थापनात. म्हणून आपण तिच्याकडे पाठ फिरवायचं कारण नाही. दिसलेल्यातलं थोडंसं आपण उचलतो, त्याला अर्थ देतो, त्यावर निष्कर्ष बांधतो, निष्कर्षाचं मत होतं, आणि पुढच्या वेळी त्या मताशी जुळेल तेवढंच आपल्याला दिसतं. तिसऱ्या महिन्यात तिने अहवाल वेळेवर दिला, तर ‘बोलल्यावर आली ना वळणावर!’

अनुमानाला वस्तुस्थितीचे कपडे चढवले की काय होतं, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार? १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरावर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे संमती होती, असा तो तर्क. १९७९ साली उपेन्द्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने या तर्कालाच हात घातला. मुकाट राहणं म्हणजे मान्यता नव्हे, हे त्या पत्राने आणि त्यानंतरच्या आंदोलनाने देशाला ऐकवलं, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. बैठकीतलं भांडण आणि तो अन्याय यांची तुलना मी करत नाही, करूही नये. पण गप्प बसलेल्या बाईच्या गप्प बसण्याचा अर्थ परस्पर लावू नका, हे सांगणारी चळवळ आपली आहे, एवढं तरी आठवावं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेतल्या स्त्री-चळवळीतली कार्यकर्ती जो फ्रीमन हिने १९७६ मध्ये ‘मिझ’ मासिकात एक लेख लिहिला. मतभेद असला तर तो एखाद्या मुद्द्यावर असतो, पण मुद्दा बाजूला ठेवून ‘ती बाईच तशी आहे’ असं ठरवलं जातं आणि मग तिला संपवलं जातं, हा त्याचा विषय. त्या मासिकातल्या आधीच्या कुठल्याही लेखाला आली नव्हती इतकी पत्रं या लेखाला आली, असं तिनेच पुढे नोंदवलं आहे. बहुतेक पत्रं अशाच अनुभवांची होती. सख्यभावाच्या गाण्यांमागे हेही होतंच.

मग बोलायचं कसं? ‘तू मला टाळतेस’ या वाक्यात निकाल लागून गेलेला आहे, समोरचीला फक्त बचाव करायचा उरतो. त्याऐवजी असं म्हणता येतं, ‘गेल्या दोन बैठकांत तू काही बोलली नाहीस. मी त्याचा अर्थ असा लावला की तू माझ्यावर रागावली आहेस. तसं आहे का?’ यात दिसलेलं वेगळं आहे, लावलेला अर्थ वेगळा आणि कबूल केलेला आहे, आणि शेवटी खरा प्रश्न आहे. उत्तर ‘हो, रागावले आहे’ असंही येऊ शकतं. ते ऐकायची तयारी नसेल तर विचारूच नये. एक पळवाट मात्र मला वारंवार दिसते. ‘मला असं वाटतं की तू आळशी आहेस.’ आरोपाच्या आधी ‘मला वाटतं’ चिकटवलं की त्याचं गृहीतक होत नाही. तो आरोपच राहतो, फक्त सभ्य आवाजात.

आता अवघड भाग. आधी कुणी बोलायचं? शिबिरात हे सगळं पटलेल्या बायका परत गेल्यावर गप्प का बसतात, याचं उत्तर बहुधा नेमणूकपत्रात असतं. अकरा महिन्यांचं काम ज्यांच्या सहीवर पुढे चालतं, त्यांना ‘ताई, तुम्ही मला कमी लेखता असं मला वाटलं’ असं म्हणणं सोपं नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, सही जिच्या हातात आहे तिने सुरुवात करावी, तीही चारचौघींत नव्हे, आणि स्वतःच्या गृहीतकापासून.

शिवाय आपली गृहीतं हवेतून येत नाहीत. ‘तिला लिहिणं जमायचं नाही’, ‘ती फार तोडून बोलते’, ‘त्यांना प्रत्येक गोष्टीत जातच दिसते’, ही वाक्यं कुणाबद्दल बोलली जातात हे बघा. दलित स्त्रियांचं वेगळं म्हणणं काय आहे, हे गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये मांडून बराच काळ लोटला. तरी एखादी सहकारी ‘हे माझ्या जातीमुळे झालं असं मला वाटलं’ म्हणाली की आपण चटकन उत्तरतो, ‘अगं, हा तुझा समज आहे.’ दोघींची अनुमानं एका तराजूत घालता येत नाहीत. तिच्या अनुमानामागे शाळेपासूनचा अनुभव उभा आहे. तिच्याकडे पुरावा मागण्याआधी आपला दुसरा रकाना वाचावा.

आणि सगळंच गैरसमजात बसत नाही. तीन महिने मानधन थकलं तर तो संवादाचा प्रश्न नव्हे, हिशेबाचा आहे. लैंगिक छळाची तक्रार आली की ‘बसून बोलून घ्या’ म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. २०१३ च्या कायद्यानुसार समेट घडवायचा तर तो पीडित स्त्रीने स्वतः मागितला तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशांच्या देवघेवीवर मुळीच नाही. हा कायदा मानधनावर किंवा विनामूल्य काम करणाऱ्या कार्यकर्तीलाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या आपल्यासारख्या छोट्या गटातली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ‘आपण सगळ्या मैत्रिणीच आहोत’ म्हणून त्या समितीचा पत्तासुद्धा न ठेवलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत.

राहिलेली भांडणं, म्हणजे बहुतेक भांडणं, अहवाल, किल्ल्या, रजा आणि कुणाचं नाव पत्रकावर आधी यावरची असतात. त्यांच्यासाठी काही गटांनी महिन्याच्या बैठकीआधी अर्धा तास राखून ठेवायला सुरुवात केली आहे. त्या वेळात गैरहजर बाईबद्दल बोलायचं नाही, आणि ‘सगळ्याच म्हणतात’ हे वाक्य चालत नाही, एवढेच दोन नियम. एका गटात पहिले दोन महिने नुसती शांतता होती, तिसऱ्या महिन्यात अहवालाचा तक्ता मराठीत झाला. दुसऱ्या एका गटात हा प्रयोग साफ फसला, कारण अध्यक्षबाईच उशिरा यायच्या.

तुमच्या गटात अशी काही रीत आहे का? जमली असेल तर कशी, आणि मोडली असेल तर नेमकी कुठे, हे आम्हाला लिहा. पुढच्या अंकात चार पानं या पत्रांसाठी ठेवली आहेत. नाव छापायचं नसेल तर तसं कळवा. आणि पत्रात दुसऱ्या कुणाचं नाव येत असेल, तर पाठवण्याआधी ते पत्र तिला वाचून दाखवता येईल का, तेवढं बघा.